नीतिसूत्रे रोज जगायची कशी

बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकात 31 अध्याय आहेत, म्हणून तारखेप्रमाणे रोज एक वाचा, 15 तारीख तर 15 वा, एवढं सोपं. पण अख्खा अध्याय पाठ करत बसू नका, एकच वचन चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा आणि दिवसभर त्यावरच चाला. माझ्याकडे त्या दिवशी 15:1 होतं, म्हणजे 15 व्या अध्यायातलं पहिलं वचन, मृदू उत्तराने राग शांत होतो ते, आणि नेमकं सीबीएस बसस्टँडच्या सिग्नलला मागून रिक्षा धडकली, शिवी अगदी ओठांवर आलेली पण चिठ्ठी आठवली आणि तोंडातून फक्त "दादा, लागलं नाही ना?" एवढंच निघालं, तर तोच उतरून सॉरी म्हणाला. रात्री प्रार्थनेत कुठे जमलं, कुठे नाही ते देवाला खरंखरं सांगा. 30 चा महिना असेल तर शेवटचे दोन अध्याय एकत्र वाचा.