भांडी पावडरची शिंपडती पुडी घरच्या घरी कशी बांधायची

आमच्या बचत गटाची भांडी पावडर नेणाऱ्या एका काकूंकडे मी पैसे आणायला गेले होते. स्वयंपाकघरात डोकावले, तर ओट्यावर आमचंच प्लास्टिकचं पाकीट स्टीलच्या पेल्याला टेकवून ठेवलेलं. कोपरा दातांनी तोडलेला आणि तोंडाशी ओलसर, राखाडी गोळा. काकूंनी बोलता बोलता ओली बोटं आत घातली, मूठभर पावडर काढली, तव्यावर टाकली आणि त्यातली निम्मी पाण्याबरोबर मोरीत गेली. "पावडर चांगली आहे गं तुमची, पण शेवटी शेवटी दगड होतो. टाकून द्यावी लागते."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. आम्ही डोलोमाईट (घासायला लागणारा पांढरा दगड) कुठून आणायचं, सोडा किती घालायचा, वास कुठला द्यायचा, यावर तासन्‌तास बोललो होतो. पावडर बाईच्या हातात कशी पडते, याचा कुणीच विचार केला नव्हता. पाकिटाने पावडर नुसती धरून ठेवली की काम झालं, असं आम्ही समजत होतो. ते तसं नाही. चिमूटभर हवी तेव्हा चिमूटभरच पडली पाहिजे, आणि ओला हात आत जाताच कामा नये. झाकणाला भोकं असलेला प्लास्टिकचा डबा हे करतो, पण तो घेतला तर आमच्या स्वस्त पावडरीत काही उरत नाही. म्हणून ही कागदाची पुडी. तीन-चार महिने चुकत चुकत जमली आहे. ज्यांना करायची आहे त्यांच्यासाठी सगळी मापं देते.

आधी पावडरीचं बघा, कारण ओलसर पावडर जगातल्या कुठल्याही भोकातून नीट पडत नाही. आमच्यात डोलोमाईटची भुकटी, धुण्याचा सोडा आणि स्लरी, म्हणजे फेस आणणारं दाट रसायन, असते. स्लरी आम्लधर्मी, सोडा अल्कधर्मी. दोन्ही एकत्र आले की कर्बवायू सुटतो, थोडं पाणी तयार होतं आणि मिश्रण कोमट होतं. सुरुवातीला घाईत आम्ही ताजी पावडर त्याच दिवशी प्लास्टिकच्या पाकिटांत भरून सील केली. सकाळी उठून पाहिलं तर सगळी पाकिटं फुग्यासारखी टम्म झालेली आणि आतून दव धरलेलं. तेव्हापासून नियम केला: मिसळलेली पावडर ताडपत्रीवर पातळ पसरायची, दिवसातून दोन-तीनदा फावडीने वरखाली करायची, एक पूर्ण दिवस-रात्र तशीच ठेवायची आणि मगच चाळायची. पावसाळ्यात दोन दिवस, तेही पंख्याखाली.

चाळायला मैद्याची चाळणी घ्या. वर उरलेले खडे पुन्हा कुटायचे, पुडीत एकही जाऊ द्यायचा नाही, कारण एक खडा भोक बंद करायला पुरतो. मग मुठीची परीक्षा. मूठभर पावडर घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर अजून ओल आहे. भेगा पडून ढासळला तर भरायला हरकत नाही. हे सगळं करताना नाकाला रुमाल बांधा आणि स्लरी हाताळताना रबरी हातमोजे घाला. स्लरी कातडी भाजते.

आता कागद. १२० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम भरणारा, तपकिरी क्राफ्ट कागद घ्या, ३० बाय ४० इंचाचा ताव. पातळ कागद भोकांशी फाटतो आणि जाड कागद कोपऱ्यावर वळत नाही. एका पुडीला २५ सेंटिमीटर लांब आणि १३ सेंटिमीटर उंच तुकडा लागतो. तावाच्या लांब बाजूला चार आणि आखूड बाजूला पाच, असे २० तुकडे निघतात. खाली ११ सेंटिमीटरची पट्टी उरते, ती लेबलांना वापरा. एका पुडीचा कागद जेमतेम चार ग्रॅम भरतो. एक किलो कागदात साधारण २१५ पुड्या होतात. तुमच्या गावात क्राफ्टचा किलोचा भाव काय असेल तो घ्या आणि २१५ने भागा, म्हणजे एका पुडीचा कागद कितीला पडतो ते कळेल. मी हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा दोनदा तपासून पाहिला, इतका तो कमी आला.

आकार चौकोनी पाकिटाचा नाही, चार कोपऱ्यांचा आहे, लहान मुलं कागदाचा पिरॅमिड करतात तसा. दुधाचे कागदी खोके बनवणाऱ्या स्वीडनच्या टेट्रा पाक कंपनीची सुरुवातच या आकाराने झाली. १९५२ मध्ये तिथल्या एका डेअरीत साय भरण्यासाठी पहिलं यंत्र गेलं तेव्हा पुडी अशीच होती, आणि कंपनीचं नावही त्या चतुष्फलकावरूनच, म्हणजे इंग्रजी टेट्राहेड्रॉनवरूनच, आलं. यातली हुशारी साधी आहे. कागदाची नळी करायची, खालचं तोंड एका दिशेने चपटं करून चिकटवायचं आणि वरचं तोंड त्याच्या काटकोनात चपटं करायचं. वेगळा तळ नाही, झाकण नाही, कापून टाकायचा तुकडा नाही. शिवाय पावडरीसाठी एक जास्तीचा फायदा: पुडी कुठलाही एक कोपरा खाली करून धरली की सगळी पावडर घसरून त्या कोपऱ्याशी येते. चपट्या पाकिटात ती कडेला अडकून बसते.

पहिली पुडी वर्तमानपत्राची करा. तुकडा आडवा ठेवा. डावीकडून २४ सेंटिमीटरवर वरून खाली उभी रेघ मारा. तिच्या उजवीकडची एक सेंटिमीटरची पट्टी चिकटवण्यासाठी आहे. वरच्या आणि खालच्या काठापासून १.३ सेंटिमीटरवर आडव्या रेघा मारा, ही दोन्ही तोंडांची दुमड. मग खालच्या काठावर डावीकडून ३ आणि १५ सेंटिमीटरवर खुणा करा, वरच्या काठावर ९ आणि २१वर. या चार खुणा म्हणजेच पुडीचे चार कोपरे. जोड मुद्दाम कोपऱ्यावर येऊ दिलेला नाही. आमच्या पहिल्या पुड्यांमध्ये तो नेमका कोपऱ्यावर यायचा, तिथे कागद दुहेरी होऊन घडी नीट बसायची नाही आणि तिथूनच पावडर गळायची.

भोकं नळी करण्याआधी पाडायची. डावीकडून ९ सेंटिमीटर आणि वरच्या काठापासून ३.८ सेंटिमीटर, हा मधला बिंदू. त्याच्याभोवती फाशाच्या पाचासारखी पाच भोकं: एक मध्ये, चार कोपऱ्यांत, कोपऱ्यातल्या दोन शेजारच्या भोकांत एक सेंटिमीटर अंतर. भोक ३ मिलिमीटरचं. आधी मी दाभणाने बारीक भोकं पाडली होती, कारण बारीक भोकातून कमी पडेल असं वाटलं. प्रत्यक्षात काहीच पडेना. बारीक भोकाच्या तोंडाशी पावडरीचे कण एकमेकांना रेटून कमान धरतात, दगडी पुलाची असते तशी, आणि वरची सगळी पावडर त्या कमानीवर टेकून राहते. जोरात आपटलं की कमान मोडते आणि ढीग पडतो. शिवाय दाभण कागदाला आतून ओबडधोबड कड सोडतं, तिथे पावडर अजून अडकते. चांभाराकडे पट्ट्याला भोकं पाडायचा पंच असतो तो घ्या. खाली जुना लाकडी पाट ठेवा, एकावर एक पाच-सहा तुकडे रचा आणि हातोडीचा एकच ठोका द्या. गोल, स्वच्छ भोक पडतं.

भोकांवर लगेच स्टिकर लावा. अडीच सेंटिमीटरचा कागदी चौकोन चालतो. चिकट बाजू सरळ भोकांवर आली तर पावडर तिला चिकटते आणि दुसऱ्यांदा तो स्टिकर बसत नाही. म्हणून स्टिकरच्या मधोमध बटर पेपरची दीड सेंटिमीटरची चौकोनी टिकली चिकटवा आणि मगच तो भोकांवर लावा. स्टिकरचा एक कोपरा आत दुमडा, म्हणजे ओल्या बोटांनाही नखाने उचलता येतो. हे काम किचकट आहे आणि आमच्या गटात ते करायला कुणी पुढे येत नसे. पण टिकली लावलेली पुडी महिनाभर उघडझाप सहन करते. बिनटिकलीची चार दिवसांत उघडी पडते.

आता नळी. उजवीकडची पट्टी डाव्या काठाच्या आतून घेऊन चिकटवा. पूर्वी पुस्तकं बांधणारे मैद्याच्या खळीत मोरचूद घालायचे, कीड लागू नये म्हणून. इथे ते करू नका. मोरचूद विषारी आहे आणि ही पुडी भांड्यांजवळ राहणार. मोरचूद नसलेल्या खळीला झुरळं येतात. साधा पांढरा डिंक पातळ हाताने लावा आणि दोन तास वजनाखाली ठेवा. डिंक वाळल्यावर खालच्या ३ आणि १५च्या खुणा दोन टोकांना येतील असं तोंड चपटं करा, १.३च्या रेघेवर दुमडा, डिंक लावा आणि कपड्याच्या चिमट्यांनी धरून ठेवा.

पिन मारू नका, कितीही घाई असली तरी. मोरीजवळ पिन गंजते आणि निसटली तर पावडरीबरोबर हातात येते.

भरताना नरसाळ्याची नळी पुडीच्या तोंडापासून दोन बोटं खाली गेली पाहिजे. वरच्या दुमडीवर पावडरीचा धुरळा बसला की डिंक धरत नाही. बसलाच तर कोरड्या फडक्याने पुसा, फुंकर मारू नका, डोळ्यात जातो. या मापाच्या पुडीत साधारण २०० मिलीलीटर जागा होते. आम्ही १५० ग्रॅम भरतो. तुमची पावडर हलकी किंवा जड असेल, तेव्हा स्वतःच्या वजनकाट्यावर भरून बघा, पण पाव भाग मोकळा सोडाच. ठासून भरलेल्या पुडीत पावडरीला हलायला जागा नसते, मग कितीही झटका, ती येत नाही. शेवटी वरच्या ९ आणि २१च्या खुणा टोकांना घेऊन तोंड चपटं करा. ९च्या कोपऱ्यात, म्हणजे भोकांच्या बाजूला, जाड दोऱ्याचा फास दुमडीत घालून मग चिकटवा. पुडी त्या फासाने मोरीवरच्या खिळ्याला टांगायची. भोकं वर राहतात, पावडर खाली बसते आणि ओट्याच्या ओलाव्यापासून कागद वाचतो.

पुडी झाली की तिची परीक्षा घ्या. स्टिकर उघडा, भोकांचा कोपरा खाली करा आणि मागून बोटाने टिचक्या मारा. दहा टिचक्यांत किती पावडर पडली ते ताटलीत धरून वजन करा. आमच्याकडे ती १० ते १२ ग्रॅमच्या मध्ये येते, म्हणजे टिचकीला ग्रॅमभर, आणि एका कढईला दोन-तीन टिचक्या पुरतात. खूप कमी पडली तर आधी पावडरीची ओल तपासा, भोकं मोठी करायची घाई करू नका. खूप जास्त पडली तर पाचाऐवजी तीन भोकं पाडा. एक पुडी आठ दिवस आपल्याच मोरीवर टांगून वापरा. दुकानात देण्याआधी ती आपल्या घरी टिकली पाहिजे.

छपाईचं दोन शब्दांत सांगते. पाकीटबंद मालाला २०११चे वजनमापाचे नियम लागू होतात. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, मालाचं नाव, निव्वळ वजन, माल बनवल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी फोन नंबर छापावा लागतो. पाकीटबंद करायला सुरुवात केल्यापासून ९० दिवसांच्या आत वैधमापन विभागाकडे नोंदणीसाठी अर्जही करायचा असतो. आणखी एक गोष्ट मी माझ्या मनाने करते आणि तुम्हीही करा अशी कळकळीची विनंती आहे. हा तिकोनी आकार मुलांना खाऊच्या पुडीसारखा दिसतो. त्यावर लिंबाचं, संत्र्याचं चित्र छापू नका. समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरात "भांडी पावडर, खायची नाही" असं लिहा आणि खिळा मुलांच्या हाताला लागणार नाही इतका उंच ठोका.

या पुडीच्या दोन उणिवा आहेत. एक म्हणजे खोक्यात ती नीट रचली जात नाही, मध्ये फटी राहतात. आम्ही वेताच्या पाटीतून नेतो, एका पाटीत ४० बसतात, आणि दुकानदाराला पाटीसकट देतो. दुसरी म्हणजे कागद दमट हवा आत घेतो. जून ते सप्टेंबर आम्ही महिन्याला पुरेल इतकाच माल करतो, आणि दुकानात पुड्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायला सांगतो. प्लास्टिकचा थर असलेला कागद घेतला तर हा प्रश्न सुटेल, पण तो कागद ना रद्दीवाला घेतो ना तो कुजतो. २०१८च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली तेव्हा गटातल्या आम्ही सगळ्यांनी पातळ पाकिटं बंद करायचं ठरवलं होतं. पावसाळ्यापुरतासुद्धा तो शब्द मोडायचा नाही.

पुडी संपत आली की भोकांखाली चमचाभर पावडर कोपऱ्यात राहतेच. तेव्हा वरची दुमड उघडून ती थेट करपलेल्या पातेल्यात झटकून टाकायची. कागदाचा स्टिकर काढायचा, दोरा पुढच्या पुडीला ठेवायचा आणि कागद कोरड्या कचऱ्यात. त्या काकूंकडे मागच्या महिन्यात गेले तेव्हा खिळ्यावर तीन दोरे एकत्र गुंडाळून ठेवलेले होते. मला परत द्यायला.