कन्सोलच्या भांडणातली बातमी वाचावी कशी

कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. आमच्या भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धाकटा चुलतभाऊ मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचा वकील आहे आणि पुतण्या सोनीच्या प्लेस्टेशनचा. मी सेगाचा. नव्वदच्या दशकात शॉ वॉलेस या दारूसाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने सेगाचा मेगा ड्राइव्ह हा कन्सोल भारतात आणला होता. दादरला आत्याकडे तो होता, म्हणून माझी निष्ठा तिकडे. पण २००१ साली सेगाने कन्सोल बनवणंच सोडलं. भांडायला बाजूच उरली नाही, त्यामुळे सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो या तिघांच्याही बातम्या मी सारख्याच संशयाने वाचायला मोकळा झालो. पोरं रोज काहीतरी फॉरवर्ड करून "दादा, हे खरं का?" विचारतात. तेव्हा मी काय तपासतो ते एकदाच लिहून टाकतो.

आकडा दिसला की न दिलेला आकडा शोधा

कंपन्या सरळ खोटं क्वचित बोलतात. सोयीचं तेवढं खरं बोलतात. मेगा ड्राइव्ह अमेरिकेत जेनेसिस नावाने विकला जायचा आणि सेगाने त्याच्या जाहिरातीत 'ब्लास्ट प्रोसेसिंग' असा एक भारी शब्द काढला होता. त्यामागचं खरं इतकंच, की सेगाचा प्रोसेसर साधारण ७.६ मेगाहर्ट्झवर चालायचा आणि सुपर निन्टेंडोचा ३.५८ वर. दोन्ही प्रोसेसर वेगळ्या जातीचे, त्यामुळे ही तुलनासुद्धा पूर्ण नाहीच. शिवाय सुपर निन्टेंडोकडे ३२,७६८ रंगांतून निवड करता यायची आणि सेगाकडे ५१२ रंगांतून. हे सेगाच्या जाहिरातीत कशाला येईल? सेगाचा हिरो सॉनिक सुसाट पळायचा हे खरं, आणि निन्टेंडोची चित्रं रंगाने उजवी होती हेही खरं. सेगाभक्त असून सांगतोय.

२०२० मध्ये हाच खेळ टेराफ्लॉपवर झाला, म्हणजे यंत्र सेकंदाला किती गणितं करतं त्या आकड्यावर. एक्सबॉक्स सिरीज एक्सचे १२, पीएस५ चे (म्हणजे प्लेस्टेशन ५ चे) १०.२८. आमच्या ग्रुपवर ज्यांना टेराफ्लॉप म्हणजे काय हे माहीत नव्हतं ते सगळ्यात जोरात भांडत होते. प्रत्यक्षात गेम आले तेव्हा काही इकडे थोडे बरे चालले, काही तिकडे, आणि फरक दाखवायला तुलनेच्या व्हिडिओवाल्यांना चित्र थांबवून चारपट मोठं करावं लागत होतं. तुम्ही सोफ्यावरून खेळता ना? मग तो फरक सोफ्यावरूनच दिसतोय का तेवढं बघा.

विक्रीच्या बातमीत दोन प्रश्न विचारा. पहिला, हे कन्सोल कारखान्यातून दुकानदाराकडे गेलेले की गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचलेले? पहिला आकडा नेहमी मोठा असतो. दुसरा, मागच्या वेळी हाच आकडा दिला होता का? निन्टेंडो दर तिमाहीला किती यंत्रं गेली ते छापते. सोनीही पीएस२ चे १६ कोटी अभिमानाने सांगते. मायक्रोसॉफ्टने मात्र २०१५ मध्ये एक्सबॉक्सच्या यंत्रांची संख्या सांगणं थांबवलं आणि त्याऐवजी महिन्याला किती लोक वापरतात ते सांगायला सुरुवात केली. ज्या दिवशी आकडा बदलतो, त्या दिवशी तो बदल हीच खरी बातमी. मथळ्यात ती नसते.

कोर्टात काय बोलले ते वाचा

कन्सोलच्या भांडणातला माझा सगळ्यात आवडता महिना म्हणजे जून २०२३. मायक्रोसॉफ्ट ६८.७ अब्ज डॉलरला 'कॉल ऑफ ड्यूटी' बनवणारी अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी विकत घेत होती आणि बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ते थांबवायला कोर्ट गाठलं होतं. जाहिरातीत जगातला सर्वात ताकदवान कन्सोल म्हणवणारी मायक्रोसॉफ्ट तिथे सांगत होती, की आम्ही हे युद्ध हरलोय, तिघांत तिसरे आहोत. सोनी, जी प्रत्यक्षात पुढे होती, ती म्हणत होती की 'कॉल ऑफ ड्यूटी' हातचा गेला तर आमचं काही खरं नाही. दोघंही आपापल्या बाजारातल्या फुशारकीच्या नेमकं उलट. मोठं होणं अडचणीचं ठरलं की माणसं अंग चोरतात, तसंच.

त्याच खटल्यात गंमत अशी झाली, की सोनीच्या कागदपत्रांतले गुप्त आकडे काळ्या मार्करने खोडले होते, पण स्कॅन केल्यावर खालचं वाचता येत होतं. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' बनवायला सुमारे २२ कोटी डॉलर आणि 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'ला २१.२ कोटी. एरवी असे आकडे कुणी सांगत नाही. आणि मला विचाराल तर गेल्या काही वर्षांतल्या अर्ध्या बातम्यांचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. इतका पैसा ओतल्यावर एकाच डब्याच्या मालकांना गेम विकून भागत नाही.

म्हणून कंपनीचा मोठा माणूस मंचावर काय बोलला यापेक्षा तो कोर्टात, नाहीतर गुंतवणूकदारांच्या तिमाही बैठकीत काय बोलला ते शोधायचं. तिथे चुकीचं बोललं तर अंगाशी येतं. मंचावर नुसत्या टाळ्या पडतात.

'फक्त आमच्याकडे' म्हणजे कधीपर्यंत?

ऑगस्ट २०१४ मध्ये जर्मनीत गेम्सकॉम या गेमच्या प्रदर्शनात जाहीर झालं, की 'राइज ऑफ द टूम रेडर' २०१५ च्या अखेरीला फक्त एक्सबॉक्सवर येणार. प्लेस्टेशनवाले चवताळले. नंतर प्रश्न विचारल्यावर कळलं, की करार ठरावीक मुदतीचा आहे. जानेवारी २०१६ मध्ये तो पीसीवर आला, त्याच ऑक्टोबरमध्ये पीएस४ वर. जाहिरातीत वर्ष दिलं होतं, मुदत दिली नव्हती. तेव्हापासून मी शब्द मोजून वाचतो. 'कन्सोलवर फक्त इथे' म्हणजे पीसीवर आहेच. 'सर्वात आधी इथे' म्हणजे नंतर तिकडेही. 'लाँचला फक्त इथे' म्हणजे थोडा धीर धरा. काहीच न जोडता नुसतं 'फक्त' लिहिलं असेल आणि गेम कंपनीच्या स्वतःच्या स्टुडिओचा असेल, तरच त्या शब्दाला वजन द्या.

तेही आता कमी द्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं, की 'हेलो' या गेमची नवी आवृत्ती पीएस५ वरही येणार. हेलो म्हणजे एक्सबॉक्सचा कुलदेव. 'फोर्झा होरायझन ५' त्याआधीच गेला होता आणि सोनीने बाजारात आणलेला 'हेलडायव्हर्स २' उलट्या दिशेने एक्सबॉक्सवर आला होता. आमच्या वकीलसाहेबांनी दोन दिवस ग्रुप म्यूट केला. मला वाईट वाटलं नाही. १९९० च्या दशकात मारिओ आणि सॉनिक एका यंत्रावर येतील असं कुणी म्हटलं असतं तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं, आणि आज ते एकत्र ऑलिंपिक खेळून कंटाळले आहेत.

यातून व्यवहाराचं एवढंच घ्या: एका गेमसाठी कन्सोल घेऊ नका. निन्टेंडो याला अपवाद. झेल्डा आणि मारिओ प्लेस्टेशनवर येतील याची वाट बघत बसू नका.

ट्रेलर

खालची बारीक ओळ वाचा, झालं. 'गेम इंजिनमध्ये टिपलेलं' म्हणजे कुणी खेळत होतं असं नाही. २००५ च्या ई३ या अमेरिकेतल्या गेम प्रदर्शनात सोनीने 'किलझोन'चा ट्रेलर दाखवला आणि लोकांना वाटलं पीएस३ वर असंच दिसणार. ते सिनेमासारखं आधीच बनवून ठेवलेलं होतं, यंत्रावर चाललेलं नव्हतं. गेम आला २००९ मध्ये. चांगला होता, पण तो वेगळा होता.

रिव्ह्यू वाचताना तो कोणत्या यंत्रावर खेळून लिहिलाय ते आधी बघा. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' यायच्या आधी समीक्षकांना पीसीची प्रत मिळाली होती, कन्सोलची नाही. गुण झकास. मग पीएस४ वाल्यांनी डिस्क टाकली आणि गेम अडखळत, मध्येच बंद पडत चालला. सोनीने आठवड्याभरात तो आपल्या स्टोअरमधून काढून टाकला आणि जून २०२१ पर्यंत परत घेतला नाही. तुमच्या यंत्राची प्रत समीक्षकाला दिली नसेल, तर त्यामागे कारण असतं असं धरून चाला आणि पहिल्या आठवड्यात पैसे टाकू नका. आगाऊ बुकिंग तर नकोच. डाउनलोड कधी संपत नसतं, मग रांगेत नंबर कशाला लावायचा?

अफवेचं मूळ गाठा

१९९२ च्या एप्रिल अंकात एका अमेरिकन मासिकाने नाणं टाकून खेळायच्या 'स्ट्रीट फायटर २' मध्ये शेंग लाँग नावाचा लपलेला योद्धा आहे अशी एप्रिल फूलची थाप छापली. तो काढायची पद्धत इतकी अवघड, की खोटी ठरवायला कुणाच्या बापाला जमणार नाही. जगभर पोरांनी नाणी घातली. आजची 'सूत्रांच्या मते' असलेली बातमी याच जातीची असते. दहा चॅनेल तेच सांगतात म्हणून ती दहापट खरी होत नाही, कारण दहाही जण एकाच पोस्टवरून बोलत असतात. ती पहिली पोस्ट कुणाची, त्याने आधी काय सांगितलं होतं आणि ते खरं निघालं का, एवढं बघायला पाच मिनिटं लागतात.

'जीटीए ६' हा गेम बाजारात येण्याची तारीख हे याचं चालतं-बोलतं उदाहरण. डिसेंबर २०२३ च्या ट्रेलरमध्ये २०२५ होतं, मग २६ मे २०२६ झालं, मग १९ नोव्हेंबर २०२६. मधल्या काळात यूट्यूबवर इतक्या 'पक्क्या' तारखा आल्या की त्यांचं कॅलेंडर छापता आलं असतं. बदल जाहीर केला तो दोन्ही वेळा कंपनीनेच.

आपल्याकडे आल्यावर बातमी बदलते

डॉलरमधली किंमत गुणून रुपये काढत बसू नका. पीएस५ जगात नोव्हेंबर २०२० मध्ये आला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला, ४९,९९० रुपयांना. पुढे तोच ५४,९९० झाला. आपल्याकडे जुनं यंत्र स्वस्त होतं हा समज या पिढीने मोडलाय. पीएस५ प्रो तर नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याला सोडूनच निघाला, कारण त्यातल्या वायफायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा तेव्हा भारतात खुला नव्हता. बाहेरचे चॅनेल 'प्रो घ्यावा की नाही' यावर तासभर बोलत होते आणि इथे तो प्रश्नच नव्हता. निन्टेंडो अधिकृतपणे विकत नसल्यामुळे स्विच घ्यायचा तर मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणचा आयात माल, आणि वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. बिल मागा. तो हसेल, तरी मागा.

डिस्कवाला घ्या की डिजिटल? डिस्कवाला. डिजिटल, म्हणजे डिस्क न लागणारा, स्वस्त असतो, पण नवा गेम चार-पाच हजारांना घेऊन महिन्याभराने विकता येणं हाच आपल्याकडचा खरा डिस्काउंट. म्हणूनच २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनवर जुन्या डिस्कच्या देवाणघेवाणीला लगाम घालायचं ठरवलं, तेव्हा ती बातमी इथे झोंबायला हवी होती. सोनीने काही सेकंदांचा व्हिडिओ काढून दाखवलं, की पीएस४ चा गेम मित्राला कसा द्यायचा: हातात द्यायचा. काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने निर्णय फिरवला. भांडणातून गिऱ्हाइकाचं भलं झाल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

आणि पैसे मोजण्याआधी शनिवारी रात्री ज्यांच्याबरोबर खेळणार त्यांना विचारा, तुमच्याकडे काय आहे. फोर्टनाइट किंवा रॉकेट लीग खेळणार असाल तर कुठलाही कन्सोल चालेल, समोरचा कशावरही असला तरी जोडला जातो. जीटीए ऑनलाइन खेळणार असाल तर नाही. तिथे प्लेस्टेशनवाला आणि एक्सबॉक्सवाला एका सत्रात येऊच शकत नाहीत. चौघांपैकी तिघांकडे जे आहे तेच घ्या, मग टेराफ्लॉप कितीही कमी असोत.