ट्रेपातची बाटली निवडताना

स्पेनमधील कॅटलोनियात वाइन घेताना प्रसिद्ध प्रियोरात प्रदेशाच्या वाइनपाशीच न थांबता, जवळच्या कोंका दे बार्बेरा प्रदेशातील ट्रेपात या स्थानिक काळ्या द्राक्षाची रेड वाइन अवश्य मागावी. तिचा फिका रंग हा दोष समजू नये. मिरीसारखा गंध आणि लाल फळांचा ताजेपणा हेच तिचे खरे वैभव आहे. हे द्राक्ष दीर्घकाळ मुख्यतः रोझे (गुलाबी वाइन) आणि गुलाबी कावासाठी (कावा म्हणजे स्पेनची फेसाळ वाइन) वापरले गेल्यामुळे लेबलावर ‘नेग्रे’ (शब्दशः काळी, कॅटलान भाषेत रेड वाइनला असेच म्हणतात) हा शब्द शोधावा किंवा विक्रेत्याला विचारून घ्यावे. पिरा गावातील कार्लेस आंद्रेउ आणि मोंब्लांकमधील जोसेप फोरास्तेर या उत्पादकांपासून सुरुवात करावी. बाटली उघडण्यापूर्वी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी.