पान जुनंच दिसतंय? कॅशे साफ करताना या चुका टाळा

मार्चमधली दुपार होती. मृग बहाराची संत्री कळमन्याच्या बाजारात उतरायचे दिवस. काटोलकडचे एक काका आमच्या सक्करदऱ्याच्या दुकानात आले, फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "पाहा ना ताई, कालचाच भाव दाखवून राह्यला. भाच्यानं सांगतलं कॅश साफ कर म्हणून. केली. तरी कालचाच. अन् आता तं काहीच उघडून नाही राह्यलं."

मी फोन हातात घेतला. ब्राउझर कोरा करकरीत. सगळीकडून लॉगआउट. एका पोर्टलवर त्यांचा अर्ज होता, तिथे पुन्हा शिरायला ओटीपी हवा होता आणि तो जात होता कधीच बंद केलेल्या सिमवर. इतके दिवस लॉगइन तसंच टिकून राहिलं होतं, म्हणून नंबर बदलायचा राहिलाय हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मग मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर इन्कॉग्निटो खिडकीत, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत, तेच भावाचं पान उघडलं. तिथेही वर तारीख कालचीच. म्हणजे त्या दिवशीचे भाव पानावर अजून चढलेच नव्हते. काकांच्या फोनचा काहीही दोष नव्हता, आणि साफसफाईचा काहीही उपयोग नव्हता. नंबर बदलायला मात्र त्यांना दोन खेपा पडल्या.

फॉर्म भरणं, प्रिंट, झेरॉक्स असं आमचं काम. मे-जूनमध्ये निकाल आणि प्रवेशांची गर्दी असते, बाहेर ४५ अंश ऊन, आणि आत दर तिसरा माणूस "पान जुनंच दाखवते" म्हणतो. त्यातल्या बऱ्याच जणांनी आधीच कुणाच्या तरी सांगण्यावरून सगळं पुसून टाकलेलं असतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी कॅशे समजून घ्या

कॅशे म्हणजे पानाची झेरॉक्स. तुम्ही एखादी साइट उघडली की ब्राउझर तिथली चित्रं, रंगरूपाच्या फाइली, बटणं चालवणाऱ्या स्क्रिप्ट आणि कधी कधी अख्खं पानच स्वतःजवळ ठेवून घेतो. पुढच्या वेळी मूळ कागद आणायला कचेरीत जायच्या ऐवजी घरातलीच प्रत काढून दाखवतो. पान लवकर उघडतं, डेटाही वाचतो.

ही प्रत किती वेळ चालवायची, हे साइटच सांगते. पानासोबत ‘कॅशे-कंट्रोल’ नावाची एक ओळ येते, तिच्यात सेकंद लिहिलेले असतात. ८६४०० लिहिलं असेल तर एक दिवस. तोवर ब्राउझर कचेरीत विचारायलाही जात नाही. मुदत संपली की तो जाऊन विचारतो, "माझ्याकडची प्रत अजून चालेल का?" काही बदललं नसेल तर समोरून फक्त ३०४ असं उत्तर येतं. म्हणजे तीच वापर. पान पुन्हा पाठवावं लागत नाही.

खरी अडचण येते ती साइटने मुदत सांगितलेलीच नसते तेव्हा. मग ब्राउझरला अंदाज बांधावा लागतो. नेहमीचा ठोकताळा असा, की पान शेवटचं बदलून जितका काळ झाला त्याच्या १० टक्के. दहा दिवसांत पानाला कुणी हात लावला नसेल, तर आणखी एक दिवस ते बदलणार नाही असं तो धरून चालतो. आणि नेमकी त्याच दिवशी नवी सूचना लागते. तुमच्या मित्राच्या फोनवर दिसते, तुमच्या नाही. दोघांचेही फोन बरोबरच वागत असतात.

न तपासता साफ करू नका

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून इथे थोडं थांबते.

पान जुनं दिसतंय असं वाटलं की आधी ठरवा, जुनी प्रत तुमच्याजवळ आहे की पलीकडेच. इन्कॉग्निटो खिडकी उघडा आणि तेच पान बघा. त्या खिडकीची साठवण वेगळी असते, नेहमीच्या ब्राउझरमधली झेरॉक्स तिथे वापरली जात नाही. तिथे नवं दिसलं तर तुमच्या ब्राउझरचा प्रश्न. तिथेही जुनंच असेल तर तुमच्याकडून करण्यासारखं काही नाही, साइटवाल्यांनीच ते बदललेलं नाही किंवा त्यांच्या सर्व्हरजवळ (पान जिथून येतं त्या कॉम्प्युटरजवळ) जुनी प्रत अडकली आहे. शंका राहिली तर दुसऱ्याच्या फोनवर, दुसऱ्या कंपनीच्या नेटवर बघा. इतकं करायला एक मिनिट लागतं. त्या दिवशी काकांनी किंवा भाच्याने ते एक मिनिट दिलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

प्रश्न तुमच्या ब्राउझरचाच निघाला, तरी लगेच सेटिंगमध्ये जायचं कारण नाही. कॉम्प्युटरवर कंट्रोल धरून एफ५ दाबा, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि आर. नुसता एफ५ दाबला की ब्राउझर काही फाइली जवळच्याच वापरतो. कंट्रोलसोबत दाबला की झेरॉक्स बाजूला ठेवून सगळं नव्याने आणतो, फक्त त्या एका पानापुरतं. मांडणी विस्कटलेली, बटण दाबून काही होत नाही, चित्रांच्या जागी रिकामी चौकट, असं असेल तर बहुतेक वेळा इथेच काम भागतं. पान नवं आलेलं असतं आणि त्याची स्क्रिप्ट मात्र जुनीच वापरली जात असते, म्हणून ते घडतं.

आणखी एक युक्ती आहे. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकून कुठलाही आकडा लिहा आणि एंटर दाबा. ब्राउझर पूर्ण पत्त्यावरून प्रत ओळखतो, त्यामुळे त्याला हे नवीनच पान वाटतं आणि तो ते पुन्हा मागवतो. पत्त्यात आधीच प्रश्नचिन्ह असेल तर मात्र हे करू नका. चित्रं आणि स्क्रिप्ट यांचे पत्ते वेगळे असतात, त्यांच्यावर याचा परिणाम होत नाही.

सगळ्या चौकटींवर टिक करून ‘हटवा’ दाबू नका

कंट्रोल, शिफ्ट, डिलीट दाबलं की जी खिडकी येते तिच्यात मुख्य तीन चौकटी असतात. पहिली हिस्टरीची. तुम्ही कुठे कुठे गेलात त्याची ही नोंद. ती पुसल्याने जुनं पान नवं होत नाही. दुसरी कुकीची. तुम्ही कोण आहात हे साइटला सांगणारी ही चिठ्ठी, दवाखान्यात नंबर लिहिलेला कागद देतात तशी. ती गेली की तुम्ही लॉगआउट. तिसरी कॅशेची, म्हणजे चित्रं आणि फाइलींची. पान जुनं दिसत असेल तर फक्त या तिसरीवर टिक असू द्या, पहिल्या दोन काढून टाका.

उलटही लक्षात ठेवा. पासवर्ड बरोबर आहे, तरी लॉगइन केलं की पुन्हा लॉगइनचंच पान येतं, असं गोल गोल फिरत असेल तर ते काम बहुधा कुकीचं असतं. तिथे कॅशे कितीही पुसा, फरक पडणार नाही. पण तेव्हाही सगळ्या साइटच्या कुकी उडवायची गरज नाही. क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडे एक छोटं चिन्ह असतं (आधी तिथे कुलूप होतं), ते दाबून त्या एकाच साइटचा डेटा काढता येतो. त्या साइटवर पुन्हा लॉगइन करावं लागेल, बाकीच्यांना धक्का लागत नाही. त्याआधी तिथे नोंदवलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हे नक्की पाहा. मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी हेच विचारते.

क्रोम गुगल खात्याशी सिंक, म्हणजे जोडलेला, असेल तर पुसलेली हिस्टरी तुमच्या दुसऱ्या उपकरणांवरूनही जाते. कॅशे मात्र ज्या त्या उपकरणाचा असतो. फोनवरचा पुसून कॉम्प्युटरवरचा जात नाही.

पैसे भरताना रिफ्रेश आणि बॅक दाबू नका

वर सांगितलेलं कंट्रोल-एफ५ साध्या पानांसाठी आहे. फी भरल्यावर चक्र फिरत राहिलं म्हणून तिथे ते वापरू नका. अशा पानावर रिफ्रेश केलं की ब्राउझर विचारतो, फॉर्म पुन्हा पाठवू का? घाईत ‘हो’ दाबलं तर तीच मागणी दुसऱ्यांदा जाते आणि पैसे दोनदा कटू शकतात. त्यापेक्षा थांबा, बँकेचा मेसेज बघा, मग नव्या टॅबमध्ये लॉगइन करून पावती निघाली का ते तपासा.

बॅकचा बाण फसवतो तो वेगळ्या कारणाने. मागे जाताना हल्लीचे ब्राउझर बरेचदा पान पुन्हा आणत नाहीत, सोडताना जसं होतं तसंच मेमरीत गोठवून ठेवलेलं पान परत समोर ठेवतात. फायरफॉक्समध्ये ही सोय २००५ पासून आहे, क्रोममध्ये फोनवर २०२० ला आणि कॉम्प्युटरवर २०२१ ला आली. वाचायला ती छानच. पण टप्प्याटप्प्याने भरायच्या फॉर्ममध्ये तुम्ही मागे गेलात की डोळ्यांना दिसतं जुनं पान आणि सर्व्हर असतो पुढच्या टप्प्यावर. मग सेशन (तुमचं चालू लॉगइन) संपल्याचा निरोप येतो आणि फॉर्म भरणारी पोरगी रडकुंडीला येते. फॉर्ममध्येच ‘मागे’ असं बटण दिलेलं असेल तर ते वापरा. ब्राउझरच्या बाणाला हात लावू नका.

‘स्पीड वाढवायला’ सेटिंग बदलू नका

आमच्याच दुकानात झालेलं सांगते. एका जुन्या मशीनवर फायरफॉक्स होता. नेट हळू चालायचं म्हणून ओळखीच्या एका मुलाने त्याच्या आतल्या सेटिंग बदलून दिल्या. दोन दिवस वाटलं, काय झक्कास चालतंय. तिसऱ्या दिवशी एका ताईंना अर्जाची शेवटची तारीख मी त्या मशीनवर पाहून सांगितली आणि ती चुकीची निघाली. तारीख बदलून आली होती, आमच्या मशीनला पत्ता नव्हता. सुदैवाने मुदत वाढलेली होती, कमी झालेली नव्हती.

शोधलं तेव्हा कळलं. फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंगच्या, म्हणजे अबाउट-कॉन्फिगच्या पानावर ‘चेक डॉक फ्रिक्वेन्सी’ नावाची एक नोंद असते. जवळची प्रत जुनी झाली का, हे कधी विचारायचं ते तिच्यात ठरतं. ० म्हणजे प्रत्येक सत्रात (ब्राउझर उघडल्यापासून बंद करेपर्यंत) एकदा, १ म्हणजे दर वेळी, २ म्हणजे कधीच नाही, आणि ३ म्हणजे गरज असेल तेव्हा. मुळात तिथे ३ असतो आणि तोच योग्य. त्या मुलाने २ करून ठेवला होता. ब्राउझरने पलीकडे विचारणंच सोडलं होतं, म्हणून तो वेगवान वाटत होता. जुन्या इंटरनेट एक्स्प्लोररमध्येही असाच पर्याय उघड मेनूत असायचा आणि त्यातला ‘कधीच नाही’ लोक हौसेने निवडायचे.

ज्यांना दिवसभर सतत बदलणारी पानं बघायची असतात, त्यांनी फायरफॉक्समध्ये १ ठेवायला हरकत नाही. पान थोडं उशिरा उघडेल, पण दर वेळी खात्री करून उघडेल. कॅशे पूर्ण बंद करणं मात्र मला पटत नाही. तीच चित्रं, त्याच फाइली प्रत्येक क्लिकला नव्याने उतरतात आणि रोजचा डेटा दुपारपर्यंत संपतो. तीच गोष्ट रोज रात्री कॅशे पुसणाऱ्यांची. जागा भरली की जुन्या फाइली ब्राउझर स्वतःच काढतो.

फोनवर

अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ॲपच्या स्टोरेजखाली दोन बटणं शेजारी शेजारी असतात. एक कॅशे पुसायचं, दुसरं सगळा डेटा पुसायचं. काकांच्या भाच्याने दुसरं दाबायला लावलं होतं. आयफोनच्या सफारीत हिस्टरी आणि वेबसाइटचा डेटा एकत्रच पुसला जातो, म्हणून तिथे ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन एकेका साइटचा डेटा काढणं बरं.

साइट बनवणाऱ्यांनो

क्लासेस, दुकानं, संस्थांच्या साइट बनवणारी कितीतरी मुलं नागपुरात आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती. तुमचं पान लोकांना जुनं दिसत असेल तर "कॅशे साफ करा" असा फलक लावू नका. लोक काय काय पुसून बसतात ते आम्ही रोज बघतो. भाव, तारखा, निकाल असल्या पानांना ‘नो-कॅशे’ लावा. नाव फसवं आहे. त्याचा अर्थ ठेवू नका असा नाही, ठेवा पण दाखवण्याआधी दर वेळी विचारा, असा आहे. अजिबात ठेवू नका यासाठी ‘नो-स्टोअर’ असतं, ते खासगी माहितीच्या पानांना लावा. चित्रं आणि स्क्रिप्टना खुशाल ३१५३६००० सेकंद, म्हणजे वर्षभराची मुदत द्या, फक्त फाइल बदलली की तिचं नावही बदला. आणि पानावर ‘शेवटचा बदल’ म्हणून तारीख-वेळ छापा. ती एक ओळ असली की माझ्यासारखीला दहा सेकंदांत कळतं, अडकलंय कुठे.

दुकानातला किंवा कॉलेजातला कॉम्प्युटर

इथे नियम उलटा. दुसऱ्याच्या मशीनवर फक्त कॅशे पुसून उठू नका, त्याने तुम्ही लॉगआउट होत नाही. सुरुवातच इन्कॉग्निटोमध्ये करा. काम झालं की आधी लॉगआउट करा आणि मग इन्कॉग्निटोच्या सगळ्या खिडक्या बंद करा. एक जरी उघडी राहिली तरी तिच्यात तुमचं सत्र जिवंत राहतं, आणि खुर्चीवर पुढे बसणाऱ्याला बॅकचा बाण दाबून तुमचं पान दिसू शकतं. डाउनलोड केलेली पावती आणि आधारची फाइल इन्कॉग्निटोमध्येही मशीनवरच राहते. ती वेगळी शोधून डिलीट करावी लागते, आणि रिसायकल बिनमधूनही.