खुबा मोडला तर मुंबईच्या गाडीची वाट बघू नका

आमच्या सासूबाई श्रावणात पडल्या. न्हाणीकडे उतरणाऱ्या जांभ्याच्या दोन पायऱ्या, त्यांवर शेवाळ, सकाळचे साडेसहा. आम्ही त्यांना उचलून खाटेवर निजवलं, आंबेहळदीचा लेप लावला आणि थोरल्या भावोजींना डोंबिवलीला फोन केला. ते म्हणाले, "मी येतो, मग काय ते ठरवू." ते येऊन रत्नागिरी गाठेपर्यंत तिसरा दिवस उजाडला, ऑपरेशन पाचव्या दिवशी झालं. तोवर पाठीला जखम झाली होती, छातीत कफ भरला होता. अजूनही त्या खाटेपासून पडवीपर्यंतच जातात. मागच्या पावसात शेजारच्या काकू तशाच पडल्या, वय ८१. त्यांचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी दुपारी झालं. आज त्या काठी घेऊन देवळात जातात. दोघींची तब्येत सारखी नव्हती हे मला माहीत आहे, तरी ते तीन दिवस माझ्या मनातून जात नाहीत.

ओळखायचं असं: म्हातारं माणूस पडलं, उठता येत नाही, जांघेत कळ येते, तो पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कललेलं असतं. कधी दुखणं गुडघ्यातच सांगतात. आणि कधी हाड मोडूनही माणूस चार पावलं चालतं, म्हणून "चालली ना, मग मुका मार असेल" असं म्हणू नका. एक्स-रेत काही दिसलं नाही, पण पाय टेकवत नाही, तर एमआरआय किंवा सीटी स्कॅनचं विचारा.

चोळू नका, पाय ओढून सरळ करू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका. १०८ ला फोन करा. आमच्याकडे गाडी वर रस्त्यावर थांबते आणि घर पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, खाली. काकूंना आम्ही रुंद फळीवर घोंगडी घालून निजवलं, दोन पायांमध्ये उशी ठेवली, पाय ओढणीने सैल बांधले आणि सहा जणांनी वर नेलं. पाठीवर किंवा खुर्चीत बसवून नेऊ नका.

गाडी येईपर्यंत एकीने पिशवी भरावी. आधार कार्ड, रेशन कार्ड, ७० च्या पुढचं माणूस असेल आणि आयुष्मानचं कार्ड काढलेलं असेल तर तेही, जुने ईसीजी, चालू गोळ्यांची पाकिटं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचं नाव आणि शेवटची कधी घेतली ते कागदावर लिहा. शेवटचं काय, किती वाजता खाल्लं तेही. चष्मा आणि कानाचं यंत्र विसरू नका. सासूबाईंचा चष्मा घरीच राहिला होता. रात्री त्या भ्रमल्या, मला ओळखेनात. दिसेना-ऐकेना झालं की म्हाताऱ्या माणसाचा असा गोंधळ वाढतो, हे मला नंतर कळलं.

आता सर्वात महत्त्वाचं, कुठे न्यायचं. जवळच्या दवाखान्यात नेऊन तिथून पुढे पाठवलं की एक दिवस गेलाच. म्हणून निघायच्या आधी फोनवर विचारा: हाडांचे डॉक्टर आज आहेत का? भूल देणारे? सी-आर्म मशीन (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं)? रक्ताची सोय? ऑपरेशन उद्यापर्यंत होईल का? आमच्या राजापूर तालुक्यातल्या ओणी-पाचलकडून कोल्हापूरला जायला अणुस्कुरा घाट, पण पावसात दरड पडली की तो रस्ता बंद. म्हणून तेही आधी विचारून घ्या. महात्मा फुले योजनेत बसतं का, हे रुग्णालयात त्या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारा.

ब्रिटनमधल्या डॉक्टरांसाठीची मार्गदर्शक सूचना अशी आहे की, दाखल झालेल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन व्हावं. पडून राहिलं की न्यूमोनिया, पाठीच्या जखमा, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी हे मागे लागतं. पायाला वजन बांधलं म्हणजे इलाज सुरू झाला, असं नसतं. थांबायला खरं कारणही असू शकतं: हृदय नीट चालत नसेल, रक्त फार कमी असेल, रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांचा असर उतरायचा असेल. पण "थोडं बघू" म्हणाले तर शांतपणे विचारा, "नक्की कशासाठी थांबतोय, आणि किती तास?" काकूंच्या वेळी मी हेच विचारलं. साखर वाढलेली होती. ती त्याच रात्री इन्सुलिनने खाली आणली. दुखणं थांबवायला जांघेजवळ नस बधिर करायचं इंजेक्शन देता येतं, तेही मागा.

आणि सही. मुंबईचे भाऊ, दीर, नणंदा यांना व्हिडिओ कॉलवर घ्या, डॉक्टरांशी बोलायला द्या आणि तिथेच ठरवा. पण आधी पेशंटला विचारा. ती शुद्धीवर असेल तर संमती तिची. "या वयात कशाला चिरफाड" असं कोणीतरी म्हणतंच. माझं उत्तर एकच: ऑपरेशन दुखणं थांबावं, कूस बदलता यावी, संडासला बसता यावं यासाठी असतं.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट वॉकर घेऊन उभं करतात. रडल्या तरी करू द्या. पोटभर खायला घाला, मासे, अंडी, पेजेवर तूप. टाके काढायला जाल तेव्हा हाडं ठिसूळ झाल्याच्या औषधाचं तुम्हीच विचारा, डॉक्टरांच्या घाईत ते राहून जातं. काकूंना वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं इंजेक्शन सांगितलंय, कारण दुसरा खुबा अजून शाबूत आहे.