नेदरलँड्सच्या हिवाळ्यात सायकलने ऑफिसला: आधी हातमोजे, मग बाकीचं

यादीत पहिली वस्तू हातमोजे. जॅकेटच्या आधी, थर्मलच्या आधी, रेनकोटच्याही आधी. उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून आइंडहोव्हन, उत्रेख्त, आम्स्टलफेनला येऊन सायकलला सरावलेली मंडळी ऑक्टोबरात जॅकेटसाठी दुकानं पालथी घालतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की पैसे आधी हातांवर खर्च करा, उरतील त्यात बाकीचं बसवा.

इथला हिवाळा आकड्यांत भयंकर दिसत नाही. जानेवारीचं सरासरी तापमान ३ ते ४ अंश. निफाडला पारा याहून खाली गेल्याच्या बातम्या आपण वाचत आलोय, म्हणून वाटतं की स्वेटर आणि एक जाड जॅकेट पुरेल. फरक पडतो तो वाऱ्याने आणि ओलीने. देश सपाट, समुद्र जवळ, मध्ये डोंगर नाही. तापमान ५ अंश आणि वारा ताशी २० किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ते १ अंशासारखं जाणवतं. वारा समोरून आला आणि त्यात तुमचा स्वतःचा वेग मिळाला की ताशी ४० सहज होतात; मग तेच ५ अंश शून्याच्या खाली गेल्यासारखे लागतात. शिवाय आकाशातून पडतं ते बहुतेक वेळा पाणीच, बर्फ क्वचित. ओलं अंग कोरड्या अंगापेक्षा कितीतरी लवकर गारठतं. म्हणून कपडा हातात घेतल्यावर तो किती जाड आहे हे नंतर बघा. त्यातून वारा शिरतो का आणि पाणी शिरतं का, हे आधी बघा.

आता हात. सायकल चालवताना मांड्या राबतात, छाती-पाठ तापते, पण हात हँडलवर जागच्या जागी असतात, सगळ्यांत पुढे, थेट वाऱ्यात. थंडी वाढली की शरीर आतल्या अवयवांची ऊब राखायला हातापायांच्या टोकांकडचं रक्त कमी करतं. बोटं बारीक, त्यांच्यात मोठे स्नायू नाहीत, त्यांची स्वतःची ऊब जवळजवळ नाहीच. त्यामुळे अंगात कितीही भारी जॅकेट असलं तरी बोटं बधिर व्हायची ती होतातच. गेल्या हिवाळ्यात मी सगळं घेतलं होतं, हातमोजे तेवढे घेतले नव्हते. घरून आणलेले लोकरीचे विणलेले आहेत, ते चालतील, असं धरून चालले. विणलेल्या मोज्याच्या प्रत्येक भोकातून वारा आत येतो. पायी चालताना ते कळत नाही, सायकलवर लगेच कळतं. नोव्हेंबरच्या अखेरीला एका चौकात ब्रेक दाबायला गेले तर बोटं मिटेनात, आणि समोरून बस आडवी जात होती. पाय रस्त्याला घासत सायकल थांबवली. त्या सकाळी अंगाला घाम आलेला होता, इतके कपडे होते.

ज्यांच्या सायकलला पेडल उलटं दाबून लागणारा ब्रेक आहे त्यांनी हा भाग सोडून पुढे जाऊ नये. बधिर हाताने कुलपात किल्ली जात नाही. वळताना हात दाखवून परत हँडल नीट पकडता येत नाही. आणि इथे वळताना हात दाखवावाच लागतो.

दुकानात काय बघायचं ते सांगते. बाहेरचं कापड वारा पूर्ण अडवणारं हवं, आत पाणी रोखणारा पडदा हवा, आणि तळव्याला पकड हवी. मोजा घालून मूठ वळा, हवेत ब्रेक दाबून बघा, खिशातली किल्ली काढून बघा. जमत नसेल तर तो परत ठेवा, कितीही उबदार असो. बोटांच्या टोकाला थोडी जागा मोकळी राहिली पाहिजे, कारण घट्ट मोजा रक्त दाबतो आणि बोटं अधिकच गारठतात. ‘मिळाला तो घेतला, जरा घट्ट आहे पण सैल होईल’ असं करू नका. आत पातळ मेरिनो लोकरीचे मोजे घालून वर मोठ्या मापाचे वाराबंद मोजे घालणं ही मला सगळ्यांत पसंत पडलेली रीत: डिसेंबर-जानेवारीत दोन्ही, मार्चमध्ये नुसते वरचे. सगळी बोटं एकत्र राहणारे किंवा दोन-दोन बोटांचे मोजे पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा उबदार असतात, पण गिअर-ब्रेक जमतो का ते आधी तपासा. हात फारच गारठत असतील तर हँडललाच बसवायची मोठी कव्हरं मिळतात, ज्यांच्या आत हात सरकवायचा. शाळेत मुलं सोडणाऱ्या आयांच्या सायकलींवर ती दिसतात. दिसायला बोजड, पण त्यांच्याइतकी ऊब दुसरं काही देत नाही. आणि बोटं पांढरीफटक पडून बराच वेळ पूर्ववत होत नसतील तर मोजे बदलत बसू नका, हाउसआर्ट्सना, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांना, दाखवा.

दुसरी जोडी लागतेच. हेही हातमोज्यांचंच, आणि हेच लोक ऐकत नाहीत. सकाळी भिजलेला मोजा ऑफिसात आठ तासांत वाळत नाही, आतलं अस्तर ओलंच राहतं. रेडिएटरवर ठेवलात तर आतला पडदा बिघडतो. संध्याकाळी ओल्या मोज्यात हात घालणं हे मोजा नसण्याइतकंच वाईट. दुसरी जोडी साधी असू दे, पण ती ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कायमची ठेवा. भिजलेला मोजा काढताना बोटांची टोकं एकेक करून ओढा, नाहीतर ओल्या हाताबरोबर अस्तर बाहेर येतं आणि ते परत आत नीट बसत नाही.

अंगावरचं आता. सगळ्यांत आत सुती बनियन नको. सूत घाम धरून ठेवतं, आणि सिग्नलला थांबलात की तो घाम पाठीवर गार पडतो. मेरिनो लोकर किंवा साधा खेळाचा पॉलिएस्टर टी-शर्ट घाला. मेरिनो महाग असते, पण घामाचा वास धरत नाही आणि थोडी ओलसर झाली तरी उबदार राहते. मधला थर पातळ फ्लीस किंवा स्वेटर. वरचा वाराबंद. घरातून निघताना थोडं गार वाटलं पाहिजे. दारातच छान ऊब वाटत असेल तर दहा मिनिटांत घामाघूम व्हाल, म्हणून एक थर काढूनच निघा. ई-बाइकवाल्यांना हे लागू नाही. मोटर ताशी २५ पर्यंत मदत करते, तुमची मेहनत कमी आणि वारा जास्त, त्यामुळे त्यांनी एक थर वाढवावा, आणि हातांना तर दुप्पट जपावं. पिसांचं फुगीर जॅकेट सायकलवर नको, पावसात त्याचा लगदा होतो. जॅकेटच्या पाठीमागची बाजू लांब हवी, म्हणजे वाकल्यावर कंबर उघडी पडत नाही. बगलेत चेन असेल तर उत्तम. ‘जॅकेटवरच एवढे गेले, आता हातमोजे पुढच्या महिन्यात’ हा हिशेब करू नका.

पावसासाठी जॅकेट आणि पँट दोन्ही. दुकानात ‘रेखनपाक’ मागितलंत की जोडी मिळते. पँट टाळणारे खूप आहेत, पण सायकलवर बसल्यावर मांड्या आडव्या होतात आणि सगळा पाऊस त्यांच्यावर पडतो. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही. कापडावर पाणी रोखण्याचा आकडा मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. रोजच्या अर्ध्या तासासाठी ५,००० चालतो, लांब पल्ल्याला १०,००० घ्या. आकड्याइतकंच बघायचं ते शिवणींना आतून पट्टी लावलेली आहे का. नसेल तर पाणी शिवणीतूनच येतं. पँटच्या पायाला चेन हवी, म्हणजे बूट न काढता चढवता येते. मोठा पोंचो वाऱ्यात शिडासारखा भरतो आणि सायकल बाजूला ढकलतो. पुलांवर आणि कालव्यांच्या काठाने तो धोकादायक आहे. एका हातात छत्री धरून जाणारे इथले लोक दिसतील, त्यांचं बघून करू नका. आणि पावसात जॅकेटची बाही हातमोज्याच्या वर घ्या, आत खोचू नका. सरळ बसायच्या सायकलवर हात कोपरापासून खाली उतरतात, बाहीवरचं पाणी ओघळत थेट मोज्यात जातं. मोजा कितीही चांगला असो, वरून भरला तर काय उपयोग?

पायात लोकरीचे पायमोजे, पण बूट घट्ट होतील इतके जाड नाहीत, गणित हाताचंच. जाळीचे स्पोर्ट्स शूज पूर्ण बाद. बुटांवर चढवायची पाणीबंद कव्हरं मिळतात. बूट भिजलेच तर रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा.

डोक्याला हेल्मेट इथे सक्तीचं नाही, पण घाला, आणि त्याखाली कान झाकणारी पातळ टोपी. जाड कानटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही. गळ्याला मफलर नको. टोक सुटून चाकात गेलं तर गळ्याला ओढ बसते; त्याऐवजी नळीसारखा गळपट्टा घ्या, तो नाकापर्यंत ओढता येतो. ओढणी, लांब कुर्ता किंवा लांब कोट घालणाऱ्यांनी मागच्या चाकाला जाळी किंवा कापडी पाखं बसवून घ्यावीत. पूर्ण बंद चेनकव्हर असलेली डच सायकल असेल तर सलवारीला ग्रीस लागत नाही, ही तिची मोठी सोय.

अंधार. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो, म्हणजे जाता-येता दोन्ही वेळा काळोख. पुढे पांढरा किंवा पिवळा, मागे लाल दिवा कायद्याने लागतो. तो छाती-पाठीवर अडकवला तरी चालतो, मात्र लुकलुकणारा नको. काळं जॅकेट असेल तर वर चमकणारा पट्टा घ्या, आणि घोट्यांनाही एकेक पट्टी लावा. पेडलबरोबर वरखाली होणारी पट्टी गाडीवाल्याला लांबून दिसते.

निघण्याआधी बाउएनराडार हे पावसाचं अ‍ॅप बघा. पुढच्या दोन-तीन तासांचा पाऊस त्यात पाच-पाच मिनिटांच्या हिशेबाने दिसतो, पंधरा मिनिटं थांबलं तर कोरडंही जाता येतं.

ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पायमोजे, टी-शर्ट, छोटा टॉवेल. आणि ती दुसरी हातमोज्यांची जोडी. तिची खरेदी आत्ता, हे वाचतानाच, कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, कारण पहिल्या गार सोमवारी दुकानातली मापं संपलेली असतात. हात बधिर होऊन पोचलातच तर गरम नळाखाली धरू नका. बोटांना चटका कळत नाही आणि भाजतं. काखेत धरा किंवा कोमट पाणी घ्या. रक्त परत येताना कळ येते, ती जाते.

धुणं: पाणीबंद कपड्यांना फॅब्रिक सॉफ्टनर लावू नका, त्यांची पाणी झटकायची ताकद जाते. थेंब कापडावर टिकेनासे झाले की दुकानात मिळणारा स्प्रे मारा. चष्मा असेल तर गळपट्टा नाकाच्या खाली ठेवा, नाहीतर काचा धुरकट होतात.

बर्फाळ सकाळी मुख्य सायकल रस्त्यांवर मीठ टाकलेलं असतं, गल्ल्यांत नसतं. गल्लीत उतरून चाला. पाऊस पडता पडताच गोठत असेल किंवा केएनएमआयने, म्हणजे इथल्या हवामान खात्याने, कोड ऑरेंजचा धोक्याचा इशारा दिला असेल तर कुठलाही कपडा कामाचा नाही. त्या दिवशी बसने जा.