एकोलिंक नोड: प्रक्षेपणात घरघर आणि अडकणारा पीटीटी (माझा अनुभव)

एकोलिंक म्हणजे हौशी रेडिओ केंद्रे इंटरनेटवरून जोडणारी प्रणाली; रेडिओ आणि संगणक जोडून तिचे ठाणे (नोड) करतात. लक्षण असे: मोबाइल (गाडीत बसवायचा) रेडिओ ६ पिनी मिनी-डिन डेटा सॉकेटमधून संगणकाला जोडला की प्रक्षेपणात सतत घरघर. पॉवर वाढवली की पीटीटी (रेडिओला प्रक्षेपणात नेणारी कळ-वाहिनी) अडकून राही आणि रेडिओ प्रक्षेपणातच थांबे.

साउंडकार्ड बदलले, शील्डवाली केबल घेतली, केबलवर फेराइट कडी (रेडिओ लहरींचा गोंधळ रोखणारी चुंबकीय कडी) घातली. कडीने थोडा फरक पडला, घरघर तशीच. तीन रविवार वाया गेले, फार चिडचिड झाली.

मूळ दोष ग्राउंड लूपचा, म्हणजे दोन उपकरणांच्या ग्राउंडमधून फिरणाऱ्या नको असलेल्या प्रवाहाचा होता. संगणक आणि रेडिओ यांचे ग्राउंड केबलमधून एक झाले होते, ते तोडायला हवे होते.

आधी पॉवर बंद केली. रेडिओच्या सॉकेटची पिन ५ (१२०० बॉड, म्हणजे कमी डेटा वेगाचा ऑडिओ) ते साउंडकार्डचे लाइन-इन आणि लाइन-आउट ते सॉकेटची पिन १, या दोन्ही वाटांवर ६००:६०० ओहमचा एकेक ट्रान्सफॉर्मर घातला. मग पीटीटीसाठी ४एन२५ ऑप्टोकपलर (प्रकाशातून संकेत देऊन दोन सर्किटे वेगळी ठेवणारा भाग): संगणकाच्या सीरियल पोर्टची आरटीएस ही नियंत्रण वाहिनी (पिन ७) १ किलोओहममधून त्याच्या पिन १ ला, पोर्टचा ग्राउंड (पिन ५) ऑप्टोच्या पिन २ ला. आरटीएस ऋण व्होल्टेजवरही जाते, म्हणून ऑप्टोच्या पिन १ व २ मध्ये १एन४१४८ डायोड उलटा लावला. हा विसरू नका. ऑप्टोची पिन ५ रेडिओच्या पीटीटीला (पिन ३), पिन ४ रेडिओच्या ग्राउंडला (पिन २). रेडिओच्या स्क्वेल्चची (सिग्नल आल्याचे सांगणारी) पिन ६ संगणकाला थेट जोडली तर ग्राउंड पुन्हा एक होतात, म्हणून एकोलिंकमध्ये व्हॉक्स (आवाजावरूनच सिग्नल ओळखण्याचा पर्याय) निवडला.

शेवटी रेडिओच्या मेनूत डेटा वेग १२०० केला. त्या वेगाला पिन १ वर सुमारे ४० मिलिव्होल्ट पुरतात, म्हणून लाइन-आउट अगदी खाली आणला. आता पूर्ण पॉवरवरही आवाज स्वच्छ आहे.